दादाला बसवायची जागा

५ जानेवारी, रविवार

पुष्कर सर म्हणाले, वाटेच्या नोंदी रोजच्या रोज लिहीत जा, नाहीतर आठवड्याभरात सगळ्या वाटा एकसारख्या वाटायला लागतात. म्हणून आजपासून लिहितो आहे. अकरावीत शाळा सुटल्यापासून सलग असं काही लिहिलेलं नाही. चुका होऊ नयेत म्हणून सावकाश लिहीन.

काम असं. पुष्कर सर बदलापूरला राहतात आणि रविवारी आठ-दहा जणांना घेऊन सायकलवर फिरतात. त्यांच्या सायकली जाड, खरखरीत टायरच्या, मातीवर, मुरमावर, खडीवर चालणाऱ्या. त्या दुरुस्तीला आमच्या दुकानात येतात. आमच्या म्हणजे टेकचंदशेठच्या. उल्हासनगर कॅम्प चारला, मी तिथे मेकॅनिक आहे. आज सर ब्रेक दाखवायला आले आणि म्हणाले, "जितेश, तू पालेगावचा ना? आतल्या वाटा तुला माहीत असतील. अंबरनाथच्या शिवमंदिरापासून कोंडेश्वरपर्यंत आम्हाला कच्च्या रस्त्याने नेता येईल का? मध्ये एखादं जुनं देऊळ, एखादी कोरलेली शिळा दाखवता आली तर मजा येईल."

मी म्हणालो, "बघतो. हायवे कुठेच लागणार नाही अशी वाट काढतो."

"अरे, थोडा लागला तर लागला. एवढं काय त्यात?"

पण मी ठरवलं आहे, लागू द्यायचा नाही. काम घ्यायचं तर नीट करायचं.

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "साईं, इसको मत बोलो. हा पंक्चर काढताना भोकाचं पण शुद्धलेखन तपासतो." सगळे हसले. दुकानाच्या पाटीवरचं 'दुरूस्ती' मी रंगाऱ्याकडून 'दुरुस्ती' करून घेतलं होतं, ते शेठ अजून विसरले नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

जेवताना आईने विषय काढला. "जितू, होळीच्या आत दादाला बसवायला पाहिजे."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी म्हणालो, होळीला वेळ आहे. ती म्हणाली, "वेळ आहे म्हणता म्हणता वर्ष होत आलं."

आमच्याकडची रीत इथे लिहून ठेवतो. घरातल्या बिनलग्नाच्या पुरुषाच्या बाबतीत असं काही झालं, तर वर्षाच्या आत त्याला वीर म्हणून शेताच्या बांधावर बसवतात. मूर्ती वगैरे नाही, नदीतला साधा गोल दगड. तो धाकट्या भावाने आणायचा, वाटेत कुठेही जमिनीला टेकवायचा नाही. बांधावर ठेवायचा आणि मोठ्याने तीनदा म्हणायचं, "दादा, तू गेलास. आता इथं बस." एवढंच. पण ते झाल्याशिवाय वीर बसत नाही, वाटेवरच राहतो, असं म्हणतात.

अडचण अशी आहे की आम्हाला बांधच नाही. बाबांनी आणि महिपतीकाकांनी शेत बिल्डरला दिलं. तेव्हा दादा होता. त्याने काही आडकाठी केली नव्हती, उलट म्हणाला होता, भातात आता काही राहिलेलं नाही. तिथे आता टॉवर उभे राहत आहेत.

मी आईला म्हणालो, सध्या माझ्याकडे वाटेचं काम आहे. ते झालं की बघू.

१२ जानेवारी, रविवार

पहिली पाहणी. शिवमंदिरापासून निघालो. मागे नाल्याकाठची पायवाट, ओली काळी माती, टायर रुतत नाहीत पण घसरतात. पुढे एमआयडीसीच्या कुंपणामागून मुरमाचा रस्ता, चांगला दाबलेला. वास येतो. चिखलोलीच्या बाजूला लाल माती आणि सुटी खडी, इथे नवख्या माणसाने वेग धरू नये.

एके ठिकाणी वाट सरळ हायवेला जाऊन मिळते. पलीकडे तीच वाट पुढे जाते, इथून डोळ्यांना दिसते. हायवे ओलांडला असता तर लगेच पलीकडे गेलो असतो. मी मागे फिरलो. दुपारभर शोधल्यावर ओढ्याची एक मोरी सापडली, रस्त्याच्या खालून जाणारी. वाकून, सायकल खांद्यावर घेऊन, घोटाभर घाण पाण्यातून पार झालो.

सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मोरीतून? आमच्या ग्रुपमधल्या बायका मला मोरीत टाकतील."

मी म्हणालो, "सुरक्षित आहे, सर."

दादाचं ते वळण तिथून बरंच पुढे आहे. त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज फार चांगली गोष्ट सापडली.

डोंगराच्या पायथ्याला एक लहान वाडी आहे. तिच्या अलीकडे, एका शेताच्या बांधावर पळसाखाली एक शिळा उभी आहे, माझ्या गुडघ्याएवढी. वर शेंदराचा इतका जाड थर की कडा गोल झाल्या आहेत. नीट पाहिल्यावर कळतं की त्यात एक माणूस कोरला आहे. खाली जनावराचं लांबट अंग, वर तो बसलेला, दोन्ही हात पुढे लगामावर. घोडेस्वार. अशा जुन्या दगडांवर सूर्य-चंद्र कोरलेले असतात, ते दिसले नाहीत, शेंदराखाली असतील.

आसपास कोणी नव्हतं. मी चपला काढून नमस्कार केला आणि फोटो पाठवला. सरांची बायको अनुया मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांचा लगेच फोन आला. लढाईत पडलेल्या माणसाचा असा दगड उभा करत, त्याला वीरगळ म्हणतात, शिलाहारांच्या काळातला असू शकेल, म्हणजे शिवमंदिराच्याच काळातला. "जितेश, तुमची नजर चांगली आहे," असं म्हणाल्या.

मला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. दिवसभर बरं वाटत होतं.

नकाशात असं लिहिलं: 'घोडेस्वाराचा वीरगळ, बहुधा शिलाहारकालीन. सावली आहे. थांबण्यास उत्तम.'

२१ जानेवारी, मंगळवार

आईने हट्ट धरला म्हणून अर्धा दिवस सुट्टी घेऊन तिच्याबरोबर आमच्या शेतात गेलो. म्हणजे तिथल्या विक्रीच्या ऑफिसात. आत गारवा होता आणि काचेखाली टॉवरांची खेळण्यासारखी प्रतिकृती होती.

तिथे बसलेली मुलगी चांगली होती. म्हणाली, "काकी, फेज टूमध्ये मंदिर आहे ना. पण मूर्ती कोणती बसवायची ते सोसायटी ठरवेल."

"मूर्ती नाही गं," आई म्हणाली. "माझा मुलगा."

ती मुलगी आधी संगणकाकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं. तिने पाणी दिलं आणि साहेबांना विचारून सांगते म्हणाली.

"कंपाउंडच्या बाहेरच्या अंगाला दिला कोपरा तरी चालेल," आई म्हणाली. "तो त्रास देणाऱ्यातला नव्हता."

निघताना आई काचेजवळ थांबली. प्रतिकृतीत निळ्या रंगाचा पोहण्याचा तलाव आहे. तिने काचेवर बोट ठेवलं. "इथं बांध होता आपला."

काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, त्यांच्या गणपतीच्या देवळात बसवून टाकू, मी बोलतो." आई म्हणाली, वीर देवळात बसत नाही, शिवेवर बसतो. काका म्हणाले, "आता शीव कुठून आणू मी?"

त्यांचंही बरोबर आहे.

३० जानेवारी, गुरुवार

दुकानात काम फार. पाहणी नाही. बाबांचं काहीतरी बिघडलं आहे. संध्याकाळी कुठेतरी जातात आणि पायजमा गुडघ्यापर्यंत ओला करून येतात. विचारलं तर म्हणतात, फिरायला गेलो होतो. कोरड्या दिवसांत कोणी फिरायला जाऊन ओला होत नाही. डॉक्टरांना दाखवावं का? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना."

९ फेब्रुवारी, रविवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण लिहितो.

आज पूर्ण वाटेवरची पहिली फेरी होती. सगळे मोरीतून गेले, कुरकुर केली पण गेले. पुष्कर सर मागे वळून मला म्हणाले, "मस्त काढलीस रे वाट." चिखलोलीच्या पुढे धूळ, ऊन, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं. सगळे खूश होते. मग पळसाखाली थांबलो.

अनुया मॅडमना कोरीव काम नीट बघायचं होतं. त्यांनी मला विचारलं, "थोडं पुसलं तर चालेल ना?" मी म्हणालो, चालेल. मी म्हणालो. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं आणि मऊ ब्रशने समोरची बाजू हळूहळू घासली. शेंदराचे पापुद्रे निघाले. आतून एक वाटोळा गोळा आला, त्याच्या मागे आडवी दांडी, दांडीवर हात. मग चाक. मग दुसरं चाक.

मग एकजण म्हणाला, "अरे, ही तर बाइक आहे!"

"शिलाहारांची बुलेट!"

"हेडलाइट बघ, हेडलाइट!"

सगळे हसले. पोट धरून हसले. माझ्याकडे बघूनही हसले, पण वाईटपणाने नाही. मीपण हसलो. हे मला लिहायलाच हवं. मीपण हसलो.

मग दिसलं की निवडुंगाच्या कुंपणापलीकडे एक बाई उभी आहे. डोक्यावर गवताचा भारा तसाच. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती चिडली नाही. मॅडमना एवढंच म्हणाली, "पुसू नको गो बाय. उघडा पडंल तो."

मॅडमच्या हातातला ब्रश खाली पडला. त्या "सॉरी, सॉरी" म्हणत राहिल्या, आणि त्या बाईला ते ऐकू येत होतं की नाही कळत नव्हतं. ती दगडाकडेच बघत होती.



११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात तब्येतीचं कारण सांगितलं. शेंदूर आणि तेल घेऊन वाडीवर गेलो. तिचं नाव सगुणाबाई. मला वाटलं होतं शिव्या देईल. तिने वाटी आणून दिली आणि म्हणाली, "तूच लाव. मी लावते तर हात कापतो."

मी लावत होतो, ती सांगत होती. "डोळं बुजवू नको. हां, तिथं जाड लाव."

जयदेव तिचा मुलगा. एकुलता. "मोटारसायकल पायजे, मोटारसायकल पायजे, येकच नाद. बापूस म्हनायचा पुढल्या वर्षी. पुढलं वरीस कुठं आलं? कावीळ झाली." मग ती हसली, खरंच हसली. "पाथरवट म्हनला, घोडा कोरतो, वीराला घोडा लागतो. मी म्हटलं, त्याला घोडा काय करायचा? त्याला येत नाय घोडा चालवता. गाडी काढ. तो म्हनला, गाडी कधी कोरली नाय. म्हटलं, मग शीक."

पाथरवटाने शिवारात उभ्या असलेल्या कोणाच्यातरी मोटारसायकलसमोर बसून ती कोरली. आरसे मात्र राहिले. आरसे जमले नाहीत त्याला.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी हसलात ते वाईट नाय वाटलं. तोही हसला असता. पुसलात ते वाईट वाटलं."

मग तिने विचारलं, "तुज्या घरात कोन?"

मी काही सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं ठाऊक नाही.

म्हणालो, "भाऊ. सुजित." तिने विचारलं, कसा. मी सांगितलं. सायकलवरून पहिल्या पाळीला एमआयडीसीत जात होता. हायवेचं वळण. टँकर. एवढंच सांगितलं, कारण एवढंच आहे.

"कुठं बसवलास भाऊसला?"

"अजून नाही."

"का?"

"जागा नाही."

तिने माझ्या हातातली वाटी घेतली, तळाला उरलेला शेंदूर बोटाने पुसून दगडाच्या पायाला लावला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुष्कर सरांना सांगितलं, नकाशातून ती जागा काढा. ते म्हणाले, "काढतो. पण खरं सांगू? इतकं वेगळं काही आमच्या एकाही वाटेवर नाही. नीट माहिती लिहून ठेवली तर? नाव, गाव, सगळं आदराने?"

मी म्हणालो, "नको सर. तो तिचा मुलगा आहे."

त्यांनी माझ्यासमोरच काढलं. मॅडमनी सगुणाबाईंसाठी साडी आणि नारळ पाठवला आहे. मी पोचवणार आहे. वाट मात्र तशीच ठेवली. पळसाखाली फक्त थांबायचं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. शिवमंदिराच्या रांगा पार रस्त्यापर्यंत. आई दर्शनाला गेली नाही, म्हणून मीही गेलो नाही.

भांडण झालं. ती परत तेच बोलली आणि मी ओरडलो, "तुला एवढी घाई कसली झाली आहे? त्याला दगड करून टाकायची घाई?"

आयुष्यात मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. बाबांनी टीव्ही बंद केला.

आई हळू बोलली. "तो वाटेवर आहे रे. तुला बसायला घर आहे. तू दर रविवारी परक्या माणसांसाठी वाटा शोधत हिंडतोस. त्याच्यासाठी एक जागा शोध."

मी सांगितलं, ही दोन्ही कामं वेगळी आहेत. ती म्हणाली, "बरं."

नंतर मोरीची वाट पुन्हा नकाशावर तपासली. ती बरोबरच आहे. ती बदलायचं काही कारण नाही.

२ मार्च, रविवार

साडी आणि नारळ घेऊन वाडीवर गेलो. सगुणाबाईने साडी उलटीपालटी करून बघितली, म्हणाली, "येवढी झाक मी कुठं नेसू? गुरं बिचकतील." पण घडी नीट घालून ठेवली.

मग मला बांधावर घेऊन गेली. जयदेवच्या उजव्या हाताला तिने गवत काढून जागा साफ केली होती. नुसती साफ नाही, सारवली होती.

"दिराला इचारलं. तो नाय म्हनत नाय. माजा येकटाच हाय हितं. पावसात तर कोन फिरकतसुद्दा नाय. तुज्या भाऊसला आन."

मी म्हणालो, "आमची कोणाची ओळख ना पाळख."

"ती त्या दोघांची होईल. माजा त्याला गाडीवर मागं बसवून फिरवंल."

"दादा मागे बसायचा नाही कोणाच्या," मी म्हणालो. "हँडल स्वतःच्याच हातात पाहिजे असायचं त्याला."

"मग जयदेव बसंल मागं," ती म्हणाली.

आम्ही दोघंही हसलो. मग मी उठून नळावर गेलो. तोंड धुवायला बराच वेळ लागला, धूळ फार होती.

५ मार्च, बुधवार

घरी सांगितलं. महिपतीकाकाही होते. ते भडकले. "दुसऱ्याच्या बांधावर आपला माणूस? जातीचे ना पातीचे, गावाचे ना शिवेचे. लोक काय म्हणतील?"

आई भाकरी थापत होती. थांबली नाही. "आपला बांध ठेवलात कुठं, भावोजी?"

मला काकांची दया आली. त्यांनी दादाला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली आहे.

मग बाबा बोलले. वर्षभरात दादाबद्दल बोलले नव्हते ते. म्हणाले, "दगड मी बघून ठेवलाय."

जांभूळला, नदीत. महिनाभर रिक्षाने जात होते, पाण्यात उतरून एकेक उचलून बघत होते. हा हलका, हा भेगाळलेला, हा टोकदार. शेवटी एक मिळाला, तो पाण्यातच ठेवला आहे, वर खूण करून. "वाहून जाईल म्हणून रोज बघून येतो," म्हणाले.

मी त्यांना डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो.

९ मार्च, रविवार

झालं. म्हणजे अर्धं झालं. सगळं लिहितो.

सकाळी नदीवर गेलो. दगड बाबांनी मला दाखवला, उचलला मी. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. चालत न्यायचा तर हात राहणार नाहीत. मी भीत भीत आईला विचारलं, "सायकलवर चालेल का? कॅरियरवर बांधून? जमिनीला टेकणार नाही."

मला वाटलं ती नाही म्हणेल. वर्षभर ती माझ्या सायकलकडे पाठ करून उभी राहते.

ती म्हणाली, "सायकलवरच गेला. सायकलवरच येऊ दे."

पांढऱ्या पंच्यात गुंडाळून बांधला. बाबांनी मागून हात लावून ठेवला. मी सायकल ढकलत होतो, आई पुढे. मातीच्या वाटेने, बांधाबांधाने. चाक खड्ड्यात गेलं की बाबा म्हणायचे, "हळू." मला म्हणत होते की त्याला, ते कळत नव्हतं.

मग हायवे आला. मी मोरीकडे वळलो. बाबा म्हणाले, "नाही. वीराला खालून नेत नाहीत. वरून न्यायचा."

तिथून लांबवर ते वळण दिसतं.

गाड्या जात होत्या. मी हँडल धरून कडेला उभा राहिलो. पाय उचलेना. एक फट मिळाली, गेलो नाही. दुसरी मिळाली, गेलो नाही. मला वाटलं, दगड जड झाल्यामुळे असेल. पण वजन तर सायकलवर होतं.

आई एकटी रस्त्यात उतरली. सरळ मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात वर केला, हवालदार करतो तसा. समोरून टँकर येत होता. मी ओरडलो, ती हलली नाही. टँकरने ब्रेक मारले, धूर काढत थांबला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला, काहीतरी बोलणारच होता, मग त्याला पंच्यात बांधलेलं दिसलं. काय समजला कोण जाणे. त्याने इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला.

आई म्हणाली, "चल."

मी ओलांडलं.

सगुणाबाईंनी खड्डा करून ठेवला होता, तळाला भाताचं तूस घातलं होतं. त्यांचे दीर होते. काका येणार नव्हते, पण स्कूटर घेऊन आलेच, लांब उभे राहिले. मी दगड कॅरियरवरून सोडवला आणि खड्ड्यात ठेवला. आईने शेंदूर लावला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "दादा, तू गेलास. आता इथं बस."

आवाज माझा वाटला नाही.

दुसऱ्यांदा तोंड उघडलं, काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नाही. काका लांबून म्हणाले, "म्हण रे, म्हण लवकर." बाबा दुसरीकडे बघत होते. मला वाटत होतं, अजून दोनदा म्हटलं की काहीच उरणार नाही.

सगुणाबाईच बोलल्या. "असू द्या हो. उरलंलं उद्या म्हनंल. तो आता कुठं जातोय?"

आईने पदराने दगडावरचं पाणी टिपलं. नदीचं पाणी अजून वाळलं नव्हतं. मग ती तिथेच बसली, सगुणाबाई तिच्या शेजारी. दोघी मुलांकडे तोंड करून बसल्या आणि भाताबद्दल बोलायला लागल्या. यंदा कोणतं बी चांगलं आलं, वगैरे.

१२ मार्च, बुधवार

सोमवारी जमलं नाही, दुकानात गर्दी होती. काल गेलो. एकटाच. सगुणाबाई रानात होत्या. मी बांधावर बसलो आणि दुसऱ्यांदा म्हटलं. या वेळी आवाज निघाला. मग त्याला थोडी माहिती दिली. शेठने नवा पंप घेतला ते, बाबा नीट जेवायला लागले ते. ऊन उतरेपर्यंत थांबलो.

आज पुन्हा गेलो. उद्या होळी, म्हणून.

परत आलो तेव्हा आई ओट्याशी पुरण वाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "झालं तिन्ही वेळा म्हणून?"

मी म्हणालो, "हो."

ती म्हणाली, "बरं." मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि पुन्हा वाटायला लागली.

खोटं बोललो. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. एक मी माझ्याजवळ ठेवलं आहे.